काचेची चिप आणि मामांच्या कॅसेटी

मामांच्या ट्रंकेत टीव्ही गेमच्या सहा पिवळ्या कॅसेटी आणि मधोमध गोल काच असलेली एक चिप सापडली. हा जुना प्रोसेसर आहे का आणि सगळ्याचे मिळून किती येतील, असं विचारलंय तुम्ही. आधी एक करा. काचेवरचा कागदी स्टिकर अर्धा सोललाय म्हणता, तो परत दाबून बसवा आणि वरून काळी चिकटपट्टी लावा. मग पुढचं वाचा.

तो प्रोसेसर नाही. २४ पाय आणि वर २७१६ म्हणजे ईप्रॉम, २ किलोबाइटची मेमरी. त्या काळच्या इंटेलच्या ८०८५ या प्रोसेसरला ४० पाय असतात. ती काच शोभेची नाही: तिच्यातून अतिनील प्रकाश सोडला की आतला मजकूर पुसतो आणि चिप नव्याने भरता येते. पण ऊनही तेच काम करतं. इंटेलच्या डेटाशीटप्रमाणे थेट उन्हात साधारण आठवडा, ट्यूबलाइटखाली सुमारे ३ वर्षं. मी शहाण्याने अशीच एक चिप स्टिकर काढून खिडकीजवळच्या शोकेसमध्ये मांडली होती, छान दिसते म्हणून. दिवाळीच्या आवराआवरीत वाचून बघितली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एफएफ, एफएफ. कोरी.

तेव्हा ती आधी वाचून घ्या. स्वस्तातल्या यूएसबी प्रोग्रामरवर (कॉम्प्युटरला जोडून चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) २७१६ बहुधा लिहिता येत नाही, कारण तिला २५ व्होल्ट लागतात. वाचायला मात्र ५ व्होल्ट पुरतात. फक्त नंबराआधी 'टीएमएस' आहे का ते बघा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस२७१६ ला तीन वेगळे व्होल्टेज लागतात, ती साध्या सॉकेटात खोचू नका.

कॅसेटींचे पैसे विसरा. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही गेम म्हणजे १९८३ च्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी टीव्ही गेमच्या नकला. कॅसेट उघडलीत तर नेहमीच्या चिपऐवजी डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका दिसेल. '९९९९९९९ इन १' वर तेच पाच-दहा गेम फिरून फिरून येतात. चालत नसतील तर इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या पुसा. पॉलिश पेपर नको, आणि फुंकर तर नकोच. फुंकर मारून चालायची ती कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. थुंकीच्या ओलाव्याने पट्ट्या गंजायच्या तेवढ्या.

मामा पॉलिटेक्निकला होते असं लिहिलंत, म्हणून माझं सगळं लक्ष त्या चिपकडे: तिच्यात त्यांनी ८०८५ साठी लिहिलेला प्रोग्राम असू शकतो. ८०८५ रीसेट झाला की मेमरीतल्या ०००० पत्त्यापासून कामाला लागतो. पहिलाच बाइट सी३ म्हणजे जंप किंवा ३१ म्हणजे स्टॅक पॉइंटर भरणं असा निघाला, तर तो मामांचा प्रोजेक्ट असण्याची दाट शक्यता आहे. वाचलेली फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि स्टिकरवर पेनाने काय खरडलंय ते मामांनाच विचारा.