सेंट, पेनी आणि आपली पावली

प्रश्न असा आहे: अमेरिकेत वाढणारा नातू एक सेंटची जुनी नाणी जमवतो. तो कधी ‘सेंट’ म्हणतो, कधी ‘पेनी’. मराठीत बोलताना यांतलं बरोबर कोणतं? सरळ ‘पैसा’ म्हटलं तर? आणि अनेकवचन कसं करायचं?

नातू चुकत नाही. त्याच्या दोन शब्दांतला फरक आपल्या आजी-आजोबांना चटकन कळला असता. ‘चार आणे’ ही रक्कम आणि ‘पावली’ हे नाणं. तसंच दोन आणे आणि चवली, आठ आणे आणि अधेली. भाजीचा भाव आण्यांत सांगायचा, पण कनवटीला लावायची ती पावली. अमेरिकेतही किंमत नेहमी सेंटमध्येच सांगतात, ‘पेनी’ म्हणतात ते हातातल्या नाण्याला.

मात्र कायद्यातलं नाव सेंटच. 1792 च्या नाणेकायद्यात डॉलरचा शंभरावा भाग म्हणून ‘सेंट’ ठरला आणि अमेरिकेच्या टाकसाळीने पाडलेल्या या नाण्यावर ‘पेनी’ हा शब्द कधीच आला नाही. तो इंग्रजांच्या पौंड-शिलिंगच्या हिशोबातला. राज्य गेलं, हिशोब बदलला, बोलण्यातला शब्द राहिला. आपण तरी वेगळं काय केलं? 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली, आणे गेले, तरी पंचवीस पैशांना आपण ‘चार आणे’च म्हणत राहिलो. 12 नोव्हेंबर 2025 रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला गेला. तरी ‘पेनी’ हा शब्द टिकेल असं मला वाटतं. दमडी न पाहिलेली माणसंही ‘एक दमडी देणार नाही’ म्हणतातच.

‘सेंट’ लॅटिन ‘सेंटुम’वरून, म्हणजे शंभर. आपला ‘शत’ त्याचाच सख्खा भाऊ. दोन्ही एकाच मूळ शब्दातून निघाले. दक्षिणेत जमीन ‘सेंट’वर विकतात तोही हाच शब्द, एकराचा शंभरावा भाग. (आपला गुंठा चाळिसावा.) ‘पैसा’चं मूळ मात्र ‘पदांश’ असं सांगतात, म्हणजे चौथा हिस्सा, आणि जुना पैसा खरोखर पाव आण्याचाच होता. रुपयाला असे चौसष्ट. म्हणून सेंटला सरसकट ‘पैसा’ म्हणू नये असं माझं मत आहे. संग्रहाविषयी बोलताना तर नकोच, कारण तिथे पैसा हे स्वतःचं वेगळं कुळ असलेलं नाणं आहे.

व्याकरण सोपं आहे. सेंट पुल्लिंगी चालवावा: एक सेंट, दहा सेंट, हातसारखा. पेनी स्त्रीलिंगी: एक पेनी, दहा पेन्या.

यापुढची गंमत तुमच्या नातवासाठी. आपल्या लोकांनी नाण्यांना रूपावरून नावं दिली. जाडजूड तो ढब्बू पैसा, मधे भोक तो भोकाचा पैसा. त्याच्या डब्यातल्या नाण्यांनाही अशी नावं द्या. 1793 चा पहिला तांब्याचा सेंट जवळजवळ साडेतेरा ग्रॅमचा होता, आजचा जेमतेम अडीच. तो ढब्बू सेंटच! 1909 मध्ये सेंटवर लिंकनचा चेहरा आला. मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या, त्या 1958 पर्यंत राहिल्या. हा ओंब्यांचा सेंट. पहिल्याच वर्षी, 1909 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला पाडलेल्या आणि शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं असलेल्या 4,84,000 नाण्यांसाठी संग्राहक आजही जीव टाकतात. 1943 चा पोलादी सेंट युद्धात तांबं वाचवायला काढलेला. भोकाचा पैसाही त्याच 1943 पासूनचा आणि कारणही तेच, धातूची टंचाई. ही दोन नाणी त्याने शेजारी-शेजारी ठेवावीत.

आणखी एक जोडी सुचवतो. 1793 च्या सेंटवर ‘एक सेंट’ या अक्षरांखाली 1/100 असा अपूर्णांक कोरलेला आहे, कारण लोकांना नवा हिशोब समजावून सांगायचा होता. तुमच्याकडे कपाटात 1957 चा नवा पैसा असेल तर काढून पाहा. त्यावर हिंदीत लिहिलंय: ‘रुपये का सौवाँ भाग’.