पॉइंट टू-टू रायफलची नळी खराब न करता कशी साफ करावी?

आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढा, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याची डोळ्यांनी खात्री करा. मग गज (सफाईची लांब सळई) चेंबरच्या बाजूनेच घाला, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तोंडाकडून घातला तर टोकाची कड घासते, आणि गोळीचा शेवटचा स्पर्श त्याच कडेला होतो. ती झिजली की नेम गेलाच.

गज एकसंध, प्लास्टिकचं आवरण असलेला, फिरत्या मुठीचा घ्या, म्हणजे त्याच्या टोकाला लावलेला ब्रश नळीतल्या आट्यांबरोबर (आतल्या पिळदार खाचांबरोबर) वळतो. ब्रश नळीत असताना मध्येच उलटा ओढू नका. नेमबाजीच्या टू-टू गोळ्या बहुधा साध्या शिशाच्या, वर मेणचट वंगण; तांब्याच्या आवरणाच्या गोळ्यांमागे राहणारं तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण इथे कशाला? गजाला आधी सॉल्व्हेंटची (मळ विरघळवणाऱ्या द्रवाची) चिंधी, मग कोरडी, शेवटी तेलाचा पातळ हात. गोळी झाडण्याआधी मात्र तेल पुसाच.