आधी त्याला ओट्यापाशी येऊ दे

‘डोंबिवलीकर सूनबाई, ह्यूस्टन’ अशी सही असलेल्या पत्रात चार प्रश्न आहेत. तीन मी शेवटी उरकणार आहे. चौथा असा:

“मुलाच्या शाळेतून विचारणा आली आहे, इंडोनेशियाच्या एका सोळा वर्षांच्या मुलाला वर्षभर घरी ठेवून घ्याल का. आमचे चिरंजीव हट्टाला पेटलेत. नवरा ‘बघू’ म्हणतो, म्हणजे नाहीच. सासरे फोनवर म्हणाले, मुसलमान पोरगा घरात असेल तर आम्ही तिकडे येणार नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर आमच्या तिघा डोंबिवलीकरांचे मृतदेह भागशाळा मैदानात आणले तेव्हा सासरे गर्दीत उभे होते. त्यांना काय समजावू? खरं सांगते, मलाही भीती वाटते. आपण कोणाला घरात घेतोय हे कळायला नको का?”

तू माझ्या भाचीच्या वयाची दिसतेस, म्हणून अगंतुगंच करते. सासऱ्यांना मी काहीच म्हणणार नाही. त्या मैदानात जो उभा होता त्याला मिशिगनमध्ये हीटर लावून बसलेल्या बाईने शहाणपण शिकवू नये. तुझा कान मात्र धरणार. तुझ्याच पत्राचं दुसरं पान काढ. “वर्गात दोन मुलं आमच्या मुलाला बॉम्बर म्हणतात, ह्याची बॅग तपासा म्हणून हसतात. शिक्षिका म्हणाल्या मस्करी आहे. मी दोन रात्री झोपले नाही.” अगं, पान उलटलंस आणि त्या परक्या पोराची बॅग तूच तपासायला बसलीस! कुठे पहलगाम आणि कुठे इंडोनेशिया. 2002च्या ऑक्टोबरमध्ये बालीत बॉम्ब फुटले, 202 माणसं गेली. ते पोरही दहशतवाद सोसलेल्या देशातूनच येतंय.

आता महाराष्ट्र मंडळातलं कोणीतरी सांगेल, तिकडे रामायणाचे खेळ होतात, प्रंबाननचं देऊळ आहे, राष्ट्रचिन्हावर गरुड आहे, तेव्हा हरकत नाही. हा पास मला मंजूर नाही. रामायण ठाऊक असलेला चालेल, मग लाहोरचा का नाही?

माझ्याकडे लाहोरचीच एक मुलगी राहायला होती. ऑगस्ट 2016 ते जून 2017. (जुन्या वाचकांनी ओळखलं असेल, आता ओटापुराण लागणार.) ती ‘येस’ नावाच्या कार्यक्रमातून आली होती. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर 2002 मध्ये अमेरिकी संसदेने तो सुरू केला. केनेडी आणि लुगर, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन, अशा दोन सेनेटरांची नावं त्याला आहेत. मुसलमान वस्ती मोठी असलेल्या देशांतली शाळकरी मुलं वर्षभर इथल्या घरात राहतात, इथल्या शाळेत जातात. भारतातूनही येतात. ठेवून घेणाऱ्या घराला पैसे मिळत नाहीत. आणि चौकशीचं म्हणशील तर आधी तुझीच होणार आहे: घर बघायला माणूस येतो, ओळखीच्यांना विचारतात, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची गुन्ह्यांची नोंद तपासतात. आमच्या ह्यांना तो मोठा अपमान वाटला होता.

पहिले तीन आठवडे मी घोळ घातला. तिला पाहुणी करून ठेवलं. रोज पनीर, रोज पुलाव, सोफ्यावर बसवून पाकिस्तानवर प्रश्न. तुमच्याकडे मुली शिकतात का, शाळेत आमच्याबद्दल काय सांगतात. बिचारी वकिलातीतल्या माणसासारखी मोजूनमापून उत्तरं द्यायची आणि खोलीत जायची. मग डिशवॉशर बिघडला. ती आपणहून बाह्या सरसावून सिंकपाशी आली. मी घासतेय, ती विसळतेय, दोघींची तोंडं भिंतीकडे. केमिस्ट्री जमत नाही, धाकट्या भावाची आठवण येते, सगळं बाहेर पडलं. मध्येच म्हणाली, “आंटी, मेरे आने से पहले आपको डर लगा था?” मी हो म्हटलं. “मुझे भी,” म्हणाली आणि कुकरचं झाकण विसळायला घेतलं. डिशवॉशर मी पुढे चार महिने दुरुस्त केला नाही.

त्याच फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथला श्रीनिवास कुचिभोतला या आपल्या इंजिनिअरला गोळी घातली. मारणाऱ्याला तो इराणी वाटला. रात्री हे म्हणाले, काही दिवस दुकानात मराठी बोलू नका. ती पोळपाटाशी होती. तिने विचारलं, “अंकल, उर्दू भी नहीं?” हसावं की रडावं कळेना.

मे महिन्यात पुण्याहून सासूबाई आल्या. दोन दिवस तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. माझी मान शरमेने खाली. मग रमजान लागला आणि जूनमध्ये एकादशी आली. सासूबाई साबुदाणा परतताहेत आणि ही पोरगी, दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली, शेजारी उभी. खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू असं एकेक होत गेलं. ती गंभीरपणे म्हणाली, “दादी, ये रोज़ा है या दावत?” एकादशी दुप्पट खाशी हे आमच्या घरात तोंडावर बोलण्याची कोणाची टाप नव्हती! सासूबाई आधी चमकल्या, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. इथे जूनमध्ये सूर्य सव्वानऊला मावळतो. त्या दिवशी साडेआठपासून म्हातारी खिचडीची वाटी झाकून घड्याळाकडे बघत बसली.

म्हणून पाहुण्याला काम द्या, हे मी कानीकपाळी ओरडते. एका पोराने पोळ्या लाटल्या म्हणून कुठली बंदूक थांबत नाही, एवढं मलाही कळतं. पण सासूबाईंनी मरेपर्यंत ‘ते लोक’ हा शब्द पुन्हा तसा वापरला नाही.

तुझ्या भीतीबद्दल एक सांगायचंच आहे. तुझ्यापासून तासाभरावर सांता फे गाव आहे. तिथल्या शाळेत 18 मे 2018 रोजी एका विद्यार्थ्याने दहा जणांना गोळ्या घालून मारलं. त्यांत कराचीची सबिका शेख होती, याच ‘येस’ कार्यक्रमातून आलेली, सतरा वर्षांची, तीनेक आठवड्यांत घरी जाणार होती. बातमी ऐकली आणि मी लाहोरला फोन लावला. आमच्या मुलीची आई उचलून काहीच बोलेना, मीही बोलेना. आपण कोणाला घरात घेतोय हे तू विचारतेस. तिकडे इंडोनेशियात, जकार्ता-जोगजाकडची एक आई सध्या उलटं विचारत असेल.

करायचं काय? नवऱ्याचा ‘बघू’ हो होईपर्यंत फॉर्म भरू नकोस, नाखुशीच्या घरात पोराचे हाल होतात. वर्षाची छाती नसेल तर सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतं ठेवून घेता येतं का ते विचार. खाण्याचं त्यालाच विचार, हलालचा बाऊ करू नकोस, शाकाहारी घरात तो प्रश्न निम्मा सुटतो. नमाजाला कोपरा दे. आणि पहलगामचा जाब त्याला कोणीही विचारायचा नाही, तुझ्या चिरंजीवांनीसुद्धा. शाळेतल्या त्या ‘मस्करी’बद्दल मुख्याध्यापकांना लेखी कळव, याच आठवड्यात.

उरलेले तीन. सासूसासऱ्यांचा विमा त्यांनी निघण्याआधी काढ, जुने आजार नीट लिहून. ग्रीन कार्डचं वकिलाला विचार, मला नाही. मुलगा मराठी बोलत नाही म्हणतेस, त्याला भांडी विसळायला उभं कर.

आणि सासऱ्यांना फोन तू करू नकोस, नवऱ्याला करू दे. डोंबिवलीत सकाळ असेल, त्यांचा पहिला चहा झाला असेल, असं बघून. रात्रीच्या बातम्यांनंतर अजिबात नको.