‘नीट’चे राहू द्या, आधी तिची गोळी

सप्रेम नमस्कार.

आपले चार पानी पत्र मिळाले. देवगड तालुक्यात आपली हापूसची कलमे आहेत, मुलगी एकोणीस वर्षांची आहे, ‘नीट’मध्ये तिला ७२० पैकी पहिल्या वेळी २६८ आणि यंदा ३११ गुण मिळाले, आणि आता तिसऱ्या प्रयत्नासाठी तिला पुन्हा लातूरला ठेवावे की आयुर्वेदाला प्रवेश घ्यावा, असा आपला प्रश्न आहे. मुलगी मात्र ‘मला थायरॉइडच्या आजारांवर संशोधन करायचे आहे’ असे म्हणते, आणि आपल्या मते हा अभ्यास टाळण्याचा बहाणा आहे. पुरावा म्हणून आपण तिच्या वहीची दोन पाने फाडून सोबत जोडली आहेत.

गुणांकडे मी नंतर येतो. मी अडलो तो तिसऱ्या पानाच्या तळाशी, जिथे आपण एका ओळीत उरकले आहे की गेल्या वर्षी तिलाही आईसारखाच थायरॉइडचा त्रास निघाला, पण उद्या स्थळे पाहायची असल्याने ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिलेली नाही, वसतिगृहात मुलींना कळू नये म्हणून गोळ्या ‘जमेल तशा’ घेतल्या जातात, आणि त्यानंतर रक्त पुन्हा तपासलेले नाही. त्याच पानावर चार ओळी वर आपण तक्रार केली आहे की ती दिवसा झोपते, वाचलेले तिच्या लक्षात राहत नाही आणि हा निव्वळ आळस आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर लिहिताना आपला हात थबकला कसा नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

मी डॉक्टर नाही, आणि तिचे गुण या आजारामुळेच कमी पडले, असे मी म्हणणार नाही. परंतु थकवा, झोपाळूपणा आणि मंदावलेली एकाग्रता ही थायरॉइडचा स्राव कमी पडल्याची नेहमीची लक्षणे आहेत, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा तिचे प्रमाण बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (ग्रंथीचा स्राव कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) पुन्हा पाहतात, तिथे आपण वर्ष घालवले आहे. मोहोरावर तुडतुडा पडला तर आपण शेजाऱ्याला कळेल म्हणून फवारणी टाळत नाही. मुलीच्या बाबतीत मात्र लोक काय म्हणतील याचा हिशेब आधी झाला. शिवाय ज्या लग्नासाठी ही लपवाछपवी चालली आहे, त्या लग्नानंतरच ती सर्वांत घातक ठरू शकते, कारण गरोदरपणात थायरॉइडच्या संप्रेरकाची, म्हणजे याच स्रावाची, गरज वाढते, गोळीचे प्रमाण बहुधा वाढवावे लागते, आणि पहिल्या काही महिन्यांत पोटातले बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते. सासरी गोळी लपवून घेणारी मुलगी अशा वेळी काय करील, याचा विचार आपण केला आहे का?

आपण असेही लिहिले आहे की समुद्राकाठी राहून रोज मासे खाणाऱ्याला थायरॉइड होणे शक्य नाही, म्हणून तो रिपोर्टच चुकीचा असावा. (थायरॉइड सर्वांनाच असतो. ती गळ्यातली ग्रंथी आहे, आजाराचे नाव नव्हे, पण तो शब्दप्रयोग आता कोणाच्या हातात राहिलेला नाही.) हा समज कोकणात मी अनेकदा ऐकला आहे. आयोडीनची कमतरता हे या आजाराचे एक कारण आहे. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवले, ते तिथल्या अन्नात आयोडीन कमी पडत होते म्हणून. परंतु जिथे आयोडीन पुरेसे मिळते तिथे ग्रंथी मंदावण्याचे मुख्य कारण वेगळे असते, ते म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. या विकाराचे वर्णन १९१२ साली हाकारू हाशिमोतो यांनी चार स्त्रियांच्या ग्रंथी तपासून केले, आणि ते जपानचे, म्हणजे मासेच काय, समुद्रशैवालही आवडीने खाणाऱ्या देशाचे होते. आपल्याकडे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या अभ्यासात सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडचा स्राव कमी पडल्याचा आजार आढळला. किनाऱ्यावरच्या शहरांत प्रमाण थोडे कमी निघाले, पण तिथेही ते ९ टक्क्यांच्या पुढेच होते. तेव्हा बांगडा अवश्य खावा, परंतु गोळीऐवजी नव्हे.

आता ती फाडलेली पाने. त्यांवर मुलीने आईच्या गोळीची नोंद ठेवली आहे. तारीख, गोळीची वेळ, चहाची वेळ, इतर गोळ्या आणि शेवटी टीएसएच, असे पट्टीने आखलेले रकाने आहेत. नोव्हेंबरात ३.१ असलेला आकडा मार्चमध्ये ७.८ झाला आहे, आणि मधल्या जानेवारीत ‘लोहाची गोळी सुरू, सकाळी ६.१०, दोन्ही एकत्र’ अशी नोंद आहे, जिच्यापुढे तिने लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले आहे. त्या प्रश्नचिन्हापाशी मी बराच वेळ थांबलो. लोहामुळे थायरॉक्सिनचे, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाचे, शोषण कमी होते का, याच प्रश्नावर १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदा रुग्णांना बारा आठवडे दोन्ही औषधे एकत्र दिली, आणि त्यांचा टीएसएच वाढलेला आढळला. आज डॉक्टर या दोन गोळ्यांत साधारण चार तासांचे अंतर ठेवायला सांगतात, त्यामागे अशी कामे आहेत. आपली मुलगी कोणी न शिकवता स्वयंपाकघरात बसून त्याच प्रश्नापर्यंत पोहोचली, आणि आपण त्याला वेळेचा अपव्यय म्हणता. एक गोष्ट मात्र खटकली. त्या पानांवर आईचे सारे आकडे आहेत, पण मुलीच्या स्वतःच्या गोळीची एकही नोंद नाही.

क्लिनिकल संशोधन, म्हणजे रुग्णांवरील आजार-औषधांचा अभ्यास, करायला डॉक्टरच व्हायला हवे, हे खरे नाही. डॉक्टरची वाट ‘नीट’, एमबीबीएस, एमडी आणि मग एंडोक्रायनॉलॉजीतील (संप्रेरकांच्या आजारांच्या शास्त्रातील) डीएम ही पदवी, अशी अकरा-साडेअकरा वर्षांची आहे. परंतु चाचणीत किती रुग्ण हवेत, कोणाला कोणते औषध हे कसे ठरवायचे, दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे सांगणारा संख्याशास्त्रज्ञ नसेल तर त्या डॉक्टरचेही काम अडते. आपण ओघात लिहिले आहे की बारावीला तिला गणितात ९१ आणि जीवशास्त्रात ६८ गुण होते. हे वाचूनही तिला तिसऱ्यांदा जीवशास्त्र पाठ करायला पाठवणे मला अजिबात मान्य नाही. तिने संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे आणि पुढे जैवसंख्याशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत तसा अभ्यासक्रम आहे. सीईटी देऊन बी.फार्म. हा दुसरा मार्ग आहे. सहा महिन्यांत ‘क्लिनिकल रिसर्च’ शिकवून हमखास नोकरी देणाऱ्या ज्या जाहिरातीचे कात्रण आपण जोडले आहे, ते केराच्या टोपलीत टाकावे.

हे काम परदेशातच चालते असेही समजू नये. चिपळूणजवळ डेरवणला किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू आहे. भारतातील औषधचाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येते, आणि जून २००९ पासून चाचणीची नोंद तिथे करणे बंधनकारक आहे. तिला थायरॉइडवरच्या दोन-तीन चाचण्या उघडून रुग्णांची संख्या कशी ठरवली आहे, ते वाचू द्या. कंटाळली तर संशोधनाचा विषय तिथेच मिटेल, आणि नाही कंटाळली तर आपल्याला उत्तर मिळेल.

मात्र हे सारे डॉक्टरांच्या भेटीनंतर. या आठवड्यात तिचा टीएसएच तपासून घ्यावा, आणि पुढचे दोन महिने लातूर, आयुर्वेद किंवा स्थळे यांपैकी काहीही घरात बोलू नये. वहीची पाने मी पत्रासोबत परत पाठवत आहे. ती तिला द्यावीत, आणि डॉक्टरांकडे जाताना आईलाही बरोबर न्यावे, कारण लोहाची ती गोळी अजूनही सकाळी ६.१० लाच घेतली जात असावी.