वाचक विचारतात : प्लग हलेना, पाइप लावू का?

प्रश्न : माझी १०० सीसीची मोटारसायकल दोन पावसाळे पडवीत उभी होती. आता स्पार्क प्लग बदलायला गेलो तर तो हलायलाच तयार नाही. शेजारी म्हणतो, पान्याला लांब पाइप घाल आणि जोर दे. देऊ का? मॅग्नेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे, स्क्रूही जाम आहेत.
– एक वाचक, देवगड

उत्तर : पाइप आधी शेजाऱ्याला परत करा. १९८६ साली गॅरेजात शिकाऊ होतो तेव्हा मीही हेच केलं. स्कूटरचा प्लग तटकन सुटला, मी खूश. बघतो तर इंजिनाच्या हेडमधले आटे कुरडईसारखे प्लगला गुंडाळून बाहेर आलेले. उस्ताद काही बोलले नाहीत. हेड फडक्यात बांधून मलाच लेथवाल्याकडे पिटाळलं.

प्लग पोलादाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तुमच्याकडची खारी हवा आत शिरली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि आट्यांत पांढरी भुकटी धरते. दिसते खडूसारखी, घासते कानशीसारखी.

प्लगभोवतीची माती हवेने उडवा, गंज सोडवायचं तेल बुडाशी सोडा आणि रात्रभर विसरा. सकाळी टाकी नि कार्ब्युरेटर उतरवून दूर ठेवा, वरचं तेल पुसा आणि हॉट एअर गनने हेड तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड ढिली पडते. मग १६ चा बॉक्स पाना सरळ बसवून बेताचा जोर.

खरी गंमत प्लग हलल्यावर. तिथेच माणूस घाई करतो. पाव फेरा सुटला आणि जड लागला, की परत आत फिरवा. थेंबभर तेल, पुन्हा बाहेर. एका प्लगने माझी अख्खी दुपार नि तीन चहा घेतलेत, पण आटे शाबूत राहिले.

प्लग तुटलाच, तर ईझी-आउट (तुटका तुकडा बाहेर काढायचं हत्यार) ठोकत बसू नका. ते आत मोडलं तर त्यात ड्रिलसुद्धा शिरत नाही. हेड उतरवून नव्या आट्यांचा बुश मारून घ्या.

मॅग्नेट कव्हरच्या स्क्रूंना तेल द्या, डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे दोन सरळ ठोके द्या आणि मग इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा) लावा. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने खाचा जातील.

नवा प्लग हातानेच टेकेपर्यंत फिरवा. त्यानंतर पान्याने फार तर अर्धा फेरा. १० मिलिमीटर आट्यांचा प्लग आहे तो, ट्रकचा नट नव्हे.