वाचक विचारतात : शार्ड किती ठेवायचे?

प्रश्न : आमच्या बातम्यांच्या संग्रहाचा इलास्टिकसर्च (मजकूर शोधण्याची प्रणाली) इंडेक्स, म्हणजे शोधासाठी रचलेला साठा, १८० जीबीचा झालाय, एकच सर्व्हर, एकच शार्ड (इंडेक्सचा तुकडा). आता तीन नवे सर्व्हर आलेत. तीन शार्ड करावेत, की जिल्हावार वाटणी करावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सर्व्हर मोजून नको, आकार बघून ठरवा. एका शार्डमध्ये १० ते ५० जीबी हे सर्वसाधारण माप. तीन केलेत तर सुरुवातच ६० जीबीपासून होईल. सहा करा, म्हणजे प्रत्येकी ३० जीबी.

जिल्हावार वाटणीचा मोह टाळा. पुण्या-मुंबईचे शार्ड फुगतील, गडचिरोलीचा रिकामा राहील आणि राज्यभराचा शोध तरीही सगळ्या शार्डांकडे जाईलच. कागदपत्राच्या (इथे एकेका बातमीच्या) आयडीच्या हॅशवरून, म्हणजे आयडीतून काढलेल्या आकड्यावरून, होणारी नेहमीची वाटणी बरीच समान असते. मात्र या हिशेबात शार्डांची संख्या धरलेली असते, त्यामुळे इंडेक्स एकदा तयार झाला की ती नुसती सेटिंगमधून बदलता येत नाही.

त्यासाठी 'स्प्लिट' वापरा. त्यातून जास्त शार्डांचा नवा इंडेक्स बनतो. एका शार्डचे हवे तितके तुकडे होतात. त्यानंतर मूळ सेटिंगनुसार दुपटीनेच, म्हणजे सहाचे बारा होतील, नऊ नाहीत. आधी इंडेक्सवर लिहिणं बंद करा आणि त्या सर्व्हरवर आणखी १८० जीबी तरी मोकळी ठेवा. ही लेखनबंदी नव्या इंडेक्सवरही उतरते. स्प्लिटच्या आदेशातच ती काढा, नाहीतर नव्या बातम्या चढणारच नाहीत. मग जुना सर्व्हर वाटपातून वगळला की शार्ड नव्यांवर सरकतात.

प्रत्येक शार्डची एक प्रत ठेवलीत तर एकूण ३६० जीबी, म्हणजे दर सर्व्हरवर १२० जीबी. पण डिस्क घेताना एक सर्व्हर बंद पडल्याचा दिवस धरा. उरलेल्या दोघांवर १८०-१८० जीबी येतील. डिस्क ८५ टक्के भरली की तिथे प्रती ठेवणं थांबतं, ९५ टक्क्यांना इंडेक्सवर लिहिणंच बंद होतं. २०० जीबीची डिस्क इथेच अडकेल. आजच्या साठ्याला २५० जीबी हवी, वाढ धरलीत तर ५००. सर्व्हर गेल्यावर एका मिनिटाने प्रती नव्याने बनू लागतात, म्हणून देखभालीसाठी रीस्टार्ट करण्याआधी ही मुदत पाच मिनिटं करून ठेवा.

प्रश्न : तोच शब्द पुन्हा शोधला की निकालांचा क्रम बदलतो. असं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एकदा मूळ शार्ड उत्तर देतो, एकदा त्याची प्रत. खोडलेली कागदपत्रं दोन्हींतून एकाच वेळी साफ होत नाहीत, त्यामुळे गुणांकन (ज्यावरून निकालांचा क्रम लागतो) थोडं वेगळं येतं. शोधाच्या 'प्रेफरन्स' पॅरामीटरमध्ये वापरकर्त्याचा सेशन आयडी (त्याच्या भेटीची ओळखखूण) द्या. त्याचे शोध त्याच प्रतींकडे जातील. वेगवेगळ्या शार्डांमधले गुण जुळत नसतील तर मात्र 'डीएफएस क्वेरी देन फेच' हा शोधप्रकार लावा. तो आधी सगळ्या शार्डांमधली शब्दांची आकडेवारी एकत्र करतो. त्यात एक फेरी जास्त पडते. लाखो कागदपत्रं समान वाटली गेली असतील तर सहसा गरज नाही.