नवरा फौजेत आहे, दर दोन-तीन वर्षांनी बदली. वकिलीची सनद प्रत्येक वेळी नव्या राज्यात न्यायला किती खर्च येतो? तो कुणी परत देतं का?

ताई, कायद्याने विचाराल तर एक रुपयाही नाही. माझे गेले अठरा हजार चारशे.

तुम्ही पुढे असंही विचारलंय, की दोन वर्षांसाठी एवढा खटाटोप करावा का, की नाव महाराष्ट्राच्याच वकिलांच्या यादीत ठेवून तिकडच्या कोर्टात नुसतं उभं राहावं. हाच वाद आमच्या घरात कैक वर्षं चालला, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझी सनद २०११ ची. कराड कोर्टात एका सीनियरांकडे काम करत होते. तारखा घेणं, नकला काढणं यातून वर येऊन नुकतं कुठे स्वतःच्या नावाचं वकीलपत्र लागायला लागलं होतं, तेवढ्यात २०१२ मध्ये लग्न झालं. मिस्टर ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती दलात, तेव्हा नाईक या हुद्द्यावर होते. २०१४ ला त्यांचं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका राज्यात झालं आणि फॅमिली क्वार्टर मिळालं. दोन काळ्या पेट्या, गॅसची शेगडी, आठ महिन्यांचा मुलगा आणि माझा काळा कोट घेऊन आम्ही निघालो.

तिथल्या राज्य बार कौन्सिलचं, म्हणजे वकिलांची यादी ठेवणाऱ्या संस्थेचं, ऑफिस आमच्या छावणीपासून चार तासांवर. मिस्टरांनी एक दिवसाची सुट्टी काढली. खिडकीतल्या माणसाने अर्ज बघितला, वर न बघता एक झेरॉक्स पुढे सरकवली. त्यावर ओळीने लिहिलेलं: फॉर्म, पडताळणी, ओळखपत्र, ग्रंथालय, इमारत निधी, कल्याण निधी, आणि सगळ्यात शेवटी नुसतंच ‘इतर’. बेरीज १८,४००. मी विचारलं, इतर म्हणजे काय? तो म्हणाला, मॅडम, सगळे भरतात. मागे रांग होती, पोर कडेवर रडत होतं. मिस्टरांनी काही न बोलता पाकीट काढलं. बदलीच्या सामानासाठी मिळालेल्या रकमेतले उरलेले पैसे होते ते, त्यातून कूलर घ्यायचा ठरला होता. तो उन्हाळा आम्ही पोराला ओल्या पंच्यात गुंडाळून काढला.

ती पावती मी अजून ठेवली आहे. आता शाई फिकी झाली आहे, पण ‘इतर’ हा शब्द वाचता येतो.

त्या वर्षी गणपतीला गावी आलो. जेवणं झाल्यावर माझे दीर सगळ्यांदेखत म्हणाले, “वहिनी, अठरा हजारांत गाभण म्हैस आली असती. वकील तर देशात कुठेही उभा राहतो म्हणतात, मग नाव हलवायची हौस कशाला?” सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. पुढे दर सणाला ही म्हैस आमच्या घरात यायची.

भाऊजींचं अर्धं खरं होतं. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ चा. त्याचं कलम ३० तब्बल पन्नास वर्षांनी, १५ जून २०११ पासून लागू झालं, आणि कुठल्याही राज्याच्या यादीतल्या वकिलाला देशभर वकिली करायचा हक्क मिळाला. पण त्यांना उरलेलं अर्धं माहीत नव्हतं, आणि ते मी तेव्हा तोंडावर सांगायला हवं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडिया या देशपातळीवरच्या संस्थेचा नियम आहे: तुम्ही नेहमीची वकिली ज्या राज्यात करता, तिथल्याच यादीत तुमचं नाव हवं. तिकडे काम सुरू केल्यापासून सहा महिन्यांत नाव हलवायचा अर्ज केला नाही, तर ते व्यावसायिक गैरवर्तन धरलं जातं. एका वेळी दोन राज्यांच्या यादीत नाव ठेवायलाही कलम १७ ने बंदी आहे. म्हणजे एखाद्या तारखेपुरतं परराज्यात जाऊन उभं राहणं वेगळं, आणि दोन-तीन वर्षं तिथे संसार मांडून रोज कोर्टात जाणं वेगळं. तेव्हा ती हौस नव्हती, भाऊजी. ते माझ्यावरचं बंधन होतं.

आणि नाव हलवायच्या या सक्तीचे पैसे घेता येत नाहीत, हे कायद्यातच लिहिलं आहे. कलम १८ वाचा. नाव दुसऱ्या राज्याच्या यादीत न्यायचा अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करायचा. अर्ज आला की त्यांनी आदेश द्यायचा, की या व्यक्तीचं नाव ‘कोणतीही फी न भरता’ जुन्या यादीतून काढून नव्या यादीत घालावं. शब्द इतके स्वच्छ आहेत. कुणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई चालू असेल किंवा अर्जामागचा हेतू प्रामाणिक वाटला नाही, तरच तो फेटाळता येतो. नवऱ्याची बदली हे प्रामाणिक कारण नसेल तर मग कुठलं असतं?

हे मी त्या खिडकीपाशी म्हटलं नाही. कायदा मला येत होता, पण परका प्रदेश, परकी भाषा आणि चार तासांचा परतीचा रस्ता डोळ्यांसमोर होता. फौजींच्या बायकांकडून असे पैसे सहज निघतात, कारण भांडत बसायला आपल्याकडे वेळच नसतो.

२०१७ ला पुन्हा पोस्टिंग आलं, आणखी वेगळं राज्य. या वेळी कलम १८ ची प्रत अर्जाला टाचली, खाली लाल शाईने रेघ मारली. इथेही रकमांची तशीच यादी पुढे आली. मी म्हटलं, प्रत्येक रकमेसमोर नियमाचा क्रमांक घालून लेखी द्या, लगेच भरते. ते आत गेले, वीस मिनिटांनी बाहेर आले आणि ओळखपत्राचे पाचशे रुपये घेऊन पावती फाडली. भाऊजींना मी त्याच संध्याकाळी फोन केला. ते म्हणाले, मग पहिल्यांदा का नाही केलंस असं? त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही.

तुमचा दुसरा प्रश्न. परत कुणीही देत नाही. बदलीच्या वेळी जवानाला कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट मिळते, हल्ली मूळ पगाराच्या ८० टक्के. त्यात सामान हलतं. बायकोच्या सनदेचा रकाना त्यात नाही. अमेरिकेत हा रकाना आहे. तिथे सैनिकाच्या बदलीमुळे जोडीदाराला नव्या राज्यात परवाना काढावा लागला, तर १००० डॉलरपर्यंतचा खर्च सैन्य परत देऊ शकतं. जानेवारी २०२३ मध्ये तर जोडीदाराचा जुना परवाना नव्या राज्यात चालेल असा केंद्रीय कायदाही झाला, फक्त वकिलीचा परवाना त्यातून वगळला होता. आपल्याकडे उलटं आहे: वकिलाचं नाव हलवणं कायद्याने फुकट आणि प्रत्यक्षात खिडकीवर रकमांची यादी. मला भरपाई नको, ती यादी बंद व्हावी एवढंच हवं आहे. फौजींच्या बायकांच्या आपल्या वेल्फेअर मीटिंगमध्ये लोणची आणि भरतकाम शिकवतात, ते शिकवा. पण एखादा तास या कलमांनाही द्या.

३० जुलै २०२४ ला गौरव कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सनद देताना राज्य बार कौन्सिलांना कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. इतर नावांनी लावलेल्या रकमाही चालणार नाहीत. निकाल वाचताना मला तो ‘इतर’ आठवला आणि रडू आलं. पण निकाल पुढच्यासाठी आहे, आधी घेतलेलं परत द्यायची गरज नाही असंही त्यातच आहे. शिवाय तो नव्या सनदेबद्दल आहे. नाव हलवायला तुमचा आधार कलम १८ हाच.

काही गोष्टी राहिल्या. स्थानिक बार असोसिएशनची वर्गणी आणि वकीलपत्रावरचं कल्याण निधीचं तिकीट हे खर्च वेगळे आणि रास्त आहेत, त्यावर भांडू नका. ऑल इंडिया बार एक्झाम, म्हणजे सनदेनंतरची वकिलीची परीक्षा, एकदा पास झालात की पुन्हा द्यायची नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयात बाहेरच्या यादीतल्या वकिलाला तिथल्या वकिलासोबतच वकीलपत्र दाखल करावं लागतं, तेव्हा उत्तर प्रदेशात गेलात तर पहिले महिने कुणी तिथला वकील सोबतीला शोधा. पोस्टिंग सहा महिन्यांचंच असेल, किंवा तुम्ही तिथे कोर्टात जाणारच नसाल, तर मात्र भाऊजींचं ऐका, नाव हलवू नका. तुमच्या नर्स नणंदेचंही तुम्ही विचारलंय; तिला यातलं काही लागू नाही. तिला त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागेल आणि तिथे फी असते.

आणि अर्जावर क्वार्टरचा पत्ता घालू नका, माहेरचा किंवा सासरचा घाला. नाव हलवल्याचा माझा पहिला आदेश क्वार्टरच्या पत्त्यावर आला, तोवर आम्हाला दुसरं क्वार्टर मिळालं होतं. जुन्या क्वार्टरमध्ये आलेल्या केरळच्या वहिनींनी तो तीन आठवडे देवघरात जपून ठेवला होता.